धंदा नाही, फक्त छंद: गाळ्याच्या मिळकतकराची हरकत कोणत्या क्रमाने घ्यावी

"आम्ही या गाळ्यात कसलाही व्यवसाय करत नाही, फक्त सुतारकामाचा छंद आहे, तरी निवासी दराने कर आकारावा ही विनंती." असे अर्ज दरवर्षी जातात आणि बहुतेक दोन ओळींचं उत्तर घेऊन परत येतात. अर्जदाराला वाटतं, साहेबांना पटलं नाही. खरं तर साहेबांनी तो मुद्दा पाहिलेलाच नसतो, कारण त्यांच्या नोंदवहीत कमाई होते की हौस भागते यासाठी रकानाच नाही. रकाने आहेत ते वास्तूच्या मंजूर वापराचे, प्रत्यक्ष वापराचे, क्षेत्रफळाचे आणि मालक स्वतः वापरतो की भाड्याने देतो याचे. तुमची हरकत यांपैकी एखाद्या रकान्यावर असेल तरच तिचा विचार होतो.

गाळा सहसा निवासी होत नाही. तरीही अशा गाळ्यांची आकारणी इतर कारणांनी चुकलेली असू शकते: क्षेत्रफळ जास्त लागलेलं, जुन्या भाडेकरूचं भाडं तसंच चालू राहिलेलं, एकाच जागेच्या दोन नोंदी. पैसे तिथे वाचतात.

खालची पद्धत पुणे महापालिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. मुंबई सोडून राज्यातल्या सगळ्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू असल्याने पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, कोल्हापूर इथेही सांगाडा हाच राहतो. मुंबई आणि ग्रामपंचायतीबद्दल शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

## टप्पा १: आपली जागा कोणत्या प्रकारात बसते ते आधी ठरवा

अर्जाचा कागद हातात घेण्याआधी हे ठरलं पाहिजे. चुकीच्या प्रकारातला अर्ज कितीही चांगला लिहिला तरी उपयोग नाही.

क) मंजूर नकाशातच दुकान, गोडाऊन किंवा औद्योगिक गाळा. तुम्ही तो विकत घेतलात आणि आत जुन्या स्कूटरी, लाकूड, पुस्तकं किंवा ड्रमसेट ठेवलात. जागा बिगरनिवासीच राहणार. तुमची लढाई क्षेत्रफळ, भाडं, उपप्रकार (दुकान की गोडाऊन) आणि थकबाकीची.

ख) मंजूर नकाशात निवासी, पण बिलावर बिगरनिवासी. बंगल्याच्या आवारातली खोली, तळमजल्यावरची निवासी खोली, पूर्वी कुणीतरी क्लास किंवा दवाखाना चालवलेला फ्लॅट. इथे तुमची बाजू सर्वांत भक्कम. पूर्वीचा व्यवसाय बंद झाल्याचं दाखवलं की नोंद बदलायला ठोस कारण मिळतं.

ग) पार्किंग किंवा जिन्याखालची जागा बंद करून केलेली खोली. थांबा. इथे कर कमी करून मागणारा अर्ज म्हणजे अनधिकृत बदलाची कबुली आपल्या सहीने देणं. आधी जागा पूर्ववत करा, कराचं नंतर बघा.

घ) भाड्याचा गाळा किंवा सेल्फ स्टोरेज कंपनीतली खोली. मिळकतकराची प्राथमिक जबाबदारी मालकाची. तुम्ही हरकतदार नाही, तुमचं काम करारात "मिळकतकर कोण भरणार" ही ओळ शोधण्याचं. तरी निर्धास्त राहू नका. मालकाने कर थकवला तर महापालिका गाळ्याला सील ठोकू शकते आणि आत अडकतं ते तुमचं सामान. थकलेला कर वहिवाटदाराकडून मागण्याची तरतूद कायद्यात आहे. तसा भरावा लागला तर तो भाड्यातून वळता करता येतो, म्हणून पावती तुमच्याकडे ठेवा. करार करतानाच मालकाकडून चालू वर्षाच्या भरलेल्या कराची पावती मागून घ्या.

> तपासा: तुम्ही "घ" मध्ये असाल तर पुढचं वाचायची गरज नाही. "ग" मध्ये असाल तर आर्किटेक्टला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: बिल वाचा, पण रक्कम सर्वांत शेवटी

सगळे आधी खालचा आकडा बघतात आणि तिथेच रक्तदाब वाढवून घेतात. वरून सुरुवात करा.

मिळकत क्रमांक आपलाच आहे का? एकाच इमारतीत शेजारशेजारच्या गाळ्यांचे क्रमांक अदलाबदल होणं हे वाटतं त्याहून जास्त घडतं. शटरवरचा क्रमांक, खरेदीखतातला क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक हे तिन्ही जुळवा.

नाव कोणाचं आहे? अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं असेल तर हरकतीआधी हस्तांतरण, म्हणजे नोंदवहीत नावबदल, करून घ्या. हस्तांतरणाची सूचना दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायची असते. नाव नसलेल्याचा अर्ज "अर्जदाराचा मिळकतीशी संबंध सिद्ध होत नाही" या एका वाक्यात निकाली निघतो.

मग वापराचा प्रकार. तो लघुरूपात छापलेला असेल आणि अर्थ लागत नसेल तर करांच्या यादीत रोजगार हमी कर ही ओळ शोधा. हा उपकर फक्त बिगरनिवासी मिळकतींवर बसतो. त्या ओळीत रक्कम असेल तर नोंदवहीत तुम्ही बिगरनिवासी आहात, मग बिलावर काहीही छापलेलं असो. राज्य शिक्षण कराचा दरही बिगरनिवासीला वेगळा आणि चढा असतो.

त्यानंतर वार्षिक करपात्र मूल्य. पुण्यात हिशोब असा चालतो: दरमहा दर चौरस फूट दर × क्षेत्रफळ × १२ महिने, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. उरलेल्या रकमेवर सर्वसाधारण कर, सफाई, जललाभ, मलप्रवाह, अग्निशमन, वृक्ष वगैरे करांचे टक्के लागतात. जागा भाड्याने दिलेली असेल तर ठरावीक दराऐवजी प्रत्यक्ष भाडं धरलं जातं. गाळा घेणाऱ्यांचं नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं, त्याबद्दल टप्पा ४ मध्ये.

शेवटी थकबाकी. ती तुमच्या खरेदीआधीची असेल तरी मिळकतीवर तिचा बोजा राहतो. "ती माझी नाही" म्हणून हिशोबातून जात नाही. विकणाऱ्याशी भांडण वेगळं, महापालिकेशी वेगळं.

## टप्पा ३: मंजूर वापराचा कागद मिळवा

खरेदीखतात "गाळा" लिहिलंय की "खोली" यावर विसंबू नका. दोनच कागद निर्णायक: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) आणि त्याला जोडलेला मंजूर नकाशा. नकाशात तुमच्या चौकोनात दुकान, गोडाऊन, स्टोअर, पार्किंग की निवासी खोली यांतलं काय लिहिलंय ते स्वतः वाचा. एजंटने सांगितलेलं धरू नका.

सोसायटीकडे प्रत नसेल तर बांधकाम विभागाकडे रीतसर प्रत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. नकाशाचं फक्त ते एक पान मागा. "इमारतीची संपूर्ण फाईल" मागितली की उत्तर लांबतं.

त्याच सुमारास क्षेत्रीय कार्यालयातून करआकारणी उतारा काढा. बिल म्हणजे त्या नोंदवहीचा सारांश. पहिली आकारणी कधी झाली, कोणत्या दराने, किती क्षेत्रावर, भाडं धरलं की स्ववापर, हे उताऱ्यावरच कळतं. उताऱ्याशिवाय अर्ज करणं म्हणजे प्रश्नपत्रिका न बघता उत्तर लिहिणं.

> सावधान: गाळ्याची नोंदच झालेली नसेल आणि बिल येत नसेल तर "बरं झालं" म्हणून गप्प बसू नका. आकारणीतून सुटलेल्या मिळकतीला सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन कर लावता येतो आणि तो एकदम येतो.

## टप्पा ४: मोजा, आणि भाड्याची नोंद खणून काढा

टेप घेऊन आतून मोजा. भिंत ते भिंत, खांब धरून, दोन्ही बाजूंनी. शेजारच्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावा. एकट्याने मोजलं की टेप मध्ये लोंबते आणि आकडा वाढतो.

मग बघा, उताऱ्यावरचं क्षेत्र चटई (भिंतींच्या आतलं) आहे, बांधीव (भिंती धरून) आहे की बिल्डरने विकताना सांगितलेलं "सेलेबल". जुन्या करारांत सेलेबलच लिहिलेलं असतं आणि आकारणीच्या वेळी कुणी करारावरून आकडा उचलला तर जिना-पॅसेजचा वाटाही तुमच्या गाळ्यात येऊन बसतो. तुलना समान प्रकारच्या क्षेत्राचीच करा. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणा.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघू. दर आणि टक्केवारी समजण्यासाठी मानलेली आहे, तुमच्या बिलावरची वेगळी असेल.

- नोंदीत २६० चौ. फूट, दर ८ रुपये: २६० × ८ × १२ = २४,९६०. १० टक्के वजा, करपात्र मूल्य २२,४६४. एकूण कर ४५ टक्के धरल्यास सुमारे १०,१०९ रुपये.
- प्रत्यक्षात २०० चौ. फूट: २०० × ८ × १२ = १९,२००. वजा जाता १७,२८०. कर ७,७७६ रुपये.

वर्षाला सव्वादोन हजारांहून जास्त फरक, आणि तो छंदाबद्दल एक अक्षरही न लिहिता.

आता भाडं. तुम्ही घेतलेल्या गाळ्यात आधी मोबाइलचं दुकान होतं असं समजा. त्या मालकाने भाडेकराराची प्रत दिली, निरीक्षकाने त्या भाड्यावर आकारणी केली. भाडेकरू गेला, गाळा विकला गेला, तुम्ही आत रंधा-करवत मांडली. नोंदवहीत मात्र ते भाडं तसंच चालू, कारण भाडेकरू गेल्याचं तिथे कुणी कळवलंच नाही. अशा वेळी "स्ववापर" म्हणून फेरआकारणी मागायचा तुम्हाला पूर्ण आधार आहे. लागणारे कागद: संपलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत (जुन्या मालकाकडून मिळवा), तुमच्या खरेदीची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, दस्तनोंदणीचा उतारा), आणि खरेदीनंतरची वीजबिलं तुमच्या नावाने. वापर किती कमी झाला ते युनिट्सवरून आपोआप दिसतं.

माझ्या मते "क" प्रकारातल्या माणसाने हा मुद्दा सर्वांत आधी तपासावा. क्षेत्रफळाच्या चुका सापडतात, पण त्यातून मिळणारी सूट बेताची. भाड्याच्या नोंदीतला फरक मोठा असू शकतो.

> सावधान: आत पोटमाळा टाकला असेल तर मोजणी मागण्याआधी दोनदा विचार करा. उभं राहता येईल इतका उंच, जिना असलेला पोटमाळा हा वाढीव क्षेत्र धरला जातो. परवानगी नसेल तर अनधिकृत बांधकामावर कलम २६७-अ खाली कराच्या दुप्पट शास्ती बसू शकते. सामान ठेवायच्या फळ्या आणि पोटमाळा यांत फरक आहे, आणि पाहणीला येणाऱ्याला तो कळतो.

## टप्पा ५: अर्जाआधी गाळ्याभोवतीचे कागद आवरा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि नंतर पाहणीच्या दिवशी अडकतात. अर्जात "व्यवसाय नाही, स्ववापर" लिहायचं असेल तर जागेच्या पत्त्यावर व्यवसायाचा एकही कागद जिवंत नको.

- आधीच्या माणसाचा गुमास्ता परवाना (दुकानाची नोंदणी) त्या पत्त्यावर चालू आहे का? तो रद्द झाल्याची प्रत मिळवा. मिळत नसेल तर सोसायटीचं पत्र घ्या की अमुक तारखेपासून ते दुकान बंद आहे.
- तुमची स्वतःची जीएसटी किंवा उद्यम नोंदणी त्या पत्त्यावर आहे का? हौसेने बनवलेल्या खुर्च्या दोन-चार जणांना विकल्या, मग एक पेज उघडलं, मग ऑनलाइन नकाशावर नाव टाकलं. इथवर आलात तर तो छंद राहिला नाही. आधी तो निर्णय घ्या.
- शटरवरची जुनी पाटी उतरवा. रंगवलेली असेल तर पुसा.
- वीजजोडणीचा वर्ग बघा. "ख" प्रकारात, म्हणजे निवासी खोलीत, मीटर व्यापारी वर्गात राहिला असेल तर महावितरणकडे तो बदलून घ्या आणि नवं बिल आल्यावरच कराचा अर्ज करा. "क" प्रकारात गाळ्याचा मीटर व्यापारीच राहतो, त्यावर शक्ती घालवू नका.

सोसायटीकडून एक साधं पत्र घ्या: गाळा अमुक यांच्या मालकीचा, अमुक तारखेपासून ते स्वतः वापरतात, भाड्याने दिलेला नाही. सचिवांना "छंदासाठी" हा शब्द घालायचा असेल तर घालू द्या, त्याने बिघडत काही नाही. पण "भाड्याने दिलेला नाही" हे वाक्य त्यात हवंच.

## टप्पा ६: भरणा थांबवू नका

"हरकत घेतली आहे, निकाल लागेपर्यंत भरणार नाही." हे वाक्य महाग पडतं. थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षाला २४, आणि हरकत प्रलंबित आहे म्हणून तो आपोआप थांबत नाही. शिवाय पुढे अपिलात जायचं झालं तर मागणीची रक्कम जमा केल्याशिवाय अपील ऐकलंच जात नाही.

म्हणून भरा, आणि भरल्याच्या दिवशीच एक पत्र द्या: "सदर रक्कम हरकतीचा हक्क राखून भरत आहे." ऑनलाइन भरताना असं लिहायला जागा नसते, म्हणून पत्र वेगळं आणि त्यावर आवक शिक्का. कर सहामाही आहे, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरपासून देय होतो. वर्षाचा एकदम आणि मुदतीत भरला तर पुण्यात सर्वसाधारण करात सूट मिळते, ती हरकतीच्या नादात घालवू नका.

पावती आयकरासाठीही जपा. गाळ्याचं वार्षिक मूल्य आयकरात धरायची वेळ आली तर प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा कर त्यातून वजा मिळतो. आणि स्वतः राहत्या घराला आयकरात जी शून्य मूल्याची सवलत आहे ती छंदाच्या गाळ्याला लागू होते असं समजू नका. सीएला विवरणपत्र भरताना हा गाळा आहे हे सांगा, लपवू नका.

## टप्पा ७: अर्ज

आधी एक प्रश्न: तुम्हाला विशेष नोटीस आली आहे का? नवी आकारणी किंवा वाढ करताना महापालिकेने कराधान नियम १५(२) (१९४९ च्या अधिनियमाच्या अनुसूची ड मधला) खाली लेखी नोटीस द्यायची असते आणि तिच्यावर हरकतीची शेवटची तारीख असते. ती तारीख चुकवली की आकडा कायम. नोटीस पाकिटासकट ठेवा. पाकिटावरचा शिक्का कधीकधी आतल्या कागदापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नोटीस आलेली नसेल, म्हणजे जुनीच चूक चालू असेल, तर अर्ज नियम २० खाली नोंदवही दुरुस्तीचा. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: अशी दुरुस्ती चालू आर्थिक वर्षातल्या तारखेपासून लागू होते, मागच्या वर्षांना नाही. ३० मार्चला अर्ज दिलात तर या वर्षाचं वाचेल, २ एप्रिलला दिलात तर तेही गेलं. चूक सापडली की पुढच्या बिलाची वाट बघू नका.

मसुदा असा ठेवा:

*प्रति, मा. प्रमुख, करआकारणी व करसंकलन विभाग, (क्षेत्रीय कार्यालयाचं नाव)*

*विषय: मिळकत क्रमांक …… च्या आकारणीतील क्षेत्रफळ व वापर नोंद दुरुस्त करणेबाबत (अनुसूची ड, प्रकरण ८, नियम २०).*

*महोदय,*
*१. उपरोक्त मिळकत माझे मालकीची असून दि. …… पासून माझे स्वतःचे वापरात आहे. ती भाड्याने दिलेली नाही.*
*२. आकारणी उताऱ्यावर क्षेत्र २६० चौ. फूट नमूद आहे. मंजूर नकाशानुसार व प्रत्यक्ष मोजणीनुसार ते २०० चौ. फूट आहे.*
*३. उताऱ्यावर पूर्वीचे भाडेकरूचे भाडे विचारात घेतलेले आहे. सदर भाडेकरार दि. …… रोजी संपुष्टात आला आहे.*
*४. सबब प्रत्यक्ष पाहणी करून क्षेत्र व वापराची नोंद दुरुस्त करावी, व चालू वर्षाची मागणी सुधारित करावी.*
*सोबत: उतारा, भोगवटा प्रमाणपत्र, नकाशाचे पान, सूची क्रमांक दोन, संपलेला भाडेकरार, सोसायटीचे पत्र, वीजबिले, चालू वर्षाची पावती.*

एवढंच. एका अर्जात एक मिळकत. निवृत्तीनंतर विरंगुळा म्हणून, लहानपणापासूनची आवड म्हणून, हे सगळं घरी ठेवा. "ख" प्रकारात मात्र मुद्दा ३ ऐवजी लिहा: "सदर खोली मंजूर नकाशानुसार निवासी असून पूर्वीचा व्यवसाय दि. …… पासून बंद आहे."

दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणजे पोच नव्हे.

> सावधान, पुणेकरांसाठी: ४० टक्के सवलतीचा पीटी-३ अर्ज या कामासाठी वापरू नका. ती सवलत मालक स्वतः राहतो त्या निवासी मिळकतीसाठी आहे. दुसऱ्या फ्लॅटमध्ये फक्त पुस्तकं आणि तबले ठेवून "मी इथे राहतो" असं लिहून देणं हे खोटं निवेदन होतं. तसंच "गाळा रिकामा आहे" म्हणून रिक्त मिळकतीचा परतावाही मागू नका. सामान ठेवलेला, कुलूप तुमचं असलेला गाळा रिकामा धरत नाहीत.

## टप्पा ८: पाहणीचा दिवस

पेठ निरीक्षक (तुमच्या भागाचे कर निरीक्षक) येतील ते वेळ सांगून येतीलच असं नाही. किल्ली शेजारी किंवा सोसायटीत ठेवायची व्यवस्था करा. "दोनदा गेलो, बंद होतं" असा शेरा फाईलवर पडला की फाईल खाली जाते.

निरीक्षक तुमच्या हस्तकलेकडे बघत नाहीत. ते काउंटर आहे का, बिलबुक, क्यूआर कोडचा स्टँड, वजनकाटा, दरपत्रक, गिऱ्हाइकासाठी खुर्च्या दिसतात का, हे बघतात. भिंतीवर "आज रोख उद्या उधार" ची जुनी पाटी राहिली असेल तर ती आदल्या दिवशी काढा. एकाच मापाच्या वीस पेट्या रचलेल्या असतील तर प्रश्न येणारच. त्या खरंच भाच्याच्या धंद्याच्या असतील तर त्याला घेऊन जायला सांगा, कारण दुसऱ्याच्या व्यापारी मालाची साठवण हा छंद नाही.

मोजणी त्यांच्या टेपने होऊ द्या, पण तुमची टेपही बाहेर काढून ठेवा. आकडा लिहिताना बघा. लगेच फरक दिसला तर तिथेच नम्रपणे पुन्हा मोजायला सांगा. पाहणी अहवालावर सही मागितली तर वाचून करा. पटलं नाही तर "मोजणीबाबत हरकत आहे" असं लिहून मगच सही.

> तपासा: पाहणीची तारीख, आलेल्या निरीक्षकांचं नाव आणि त्यांनी लिहिलेला आकडा त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. सुनावणीला हे लागतं.

## टप्पा ९: सुनावणी, आदेश, आणि लागलंच तर अपील

सुनावणी बहुतेक काही मिनिटांत आटोपते. तीन कागद वर ठेवा: उतारा, नकाशा, पाहणीचा आकडा. "साहेब, नोंद २६०, नकाशा २००, तुमचीच मोजणी २०१." यापलीकडे भाषण नको. छंदाचा विषय त्यांनी काढला तर खरं सांगा, आपणहून काढू नका.

निकाल तोंडी ऐकून निघू नका. लेखी आदेश मागा, त्यावर तारीख हवी. अपिलाची मुदत कलम ४०६ प्रमाणे कारण घडल्यापासून १५ दिवस, आणि ती लहान आहे. पुण्यात अपील लघुवाद न्यायालयात जातं. अटी तीन: मुदत, आधी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असणं, आणि मागणीची रक्कम जमा असणं. थेट न्यायालयात गेलेला माणूस दुसऱ्या अटीवर परत येतो.

दोन हजारांच्या फरकासाठी वकील लावायचा का? मी लावणार नाही. पण भाड्याच्या नोंदीमुळे दरवर्षी तीस-चाळीस हजार जास्त जात असतील तर पहिल्याच आठवड्यात कागद वकिलाकडे द्यावेत, पंधराव्या दिवशी नाही.

## टप्पा १०: दुरुस्ती बिलात उतरली का

आदेश तुमच्या बाजूने लागला म्हणजे बिल बदललं असं नव्हे. संगणकात नोंद घालणारं टेबल वेगळं असतं. महिनाभराने ऑनलाइन थकबाकी तपासा, नवा उतारा काढा. जास्त भरलेली रक्कम पुढच्या मागणीत वळती झालेली दिसली पाहिजे. नसेल तर आदेशाची प्रत जोडून फक्त अंमलबजावणीसाठी वेगळं पत्र द्या. उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतरण या सेवांना लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ठरलेली मुदत असते. ती उलटली तर तिथेच प्रथम अपील करता येतं.

## मुंबईत आणि गावात काय बदलतं

मुंबईत कायदा १८८८ चा आणि कर भांडवली मूल्यावर. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जागेचा) दर, वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, वय, मजला आणि चटईक्षेत्र यांच्या गुणाकारातून मूल्य निघतं. त्यामुळे भाड्याचा मुद्दा इथे उपयोगाचा नाही. वापराचा भारांक (वापरानुसार लागणारा गुणक) आणि इमारतीचं वय तपासा. ५०० चौ. फुटांपर्यंतची करमाफी (१ जानेवारी २०२२ पासून) निवासी घरांना आहे. १८० चौ. फुटांच्या गाळ्यासाठी ती मागणारे अर्ज अजूनही वॉर्ड ऑफिसात येतात.

गावात फार्महाऊसशेजारी शेड बांधून त्यात भट्टी किंवा चाक मांडलं असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (करआकारणीचा उतारा) काढा. २०१५ च्या सुधारणेपासून तिथेही कर मूल्यावर आधारित आहे, त्यामुळे शेड पत्र्याची असताना नोंद आरसीसीची, किंवा वापर "औद्योगिक", असं लिहिलंय का ते बघा. हरकत आधी ग्रामपंचायतीकडे लेखी, पोच घेऊन, नंतर अपील पंचायत समितीकडे. आणि शेड शेतजमिनीवर असेल तर करपावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे तलाठ्याने सांगायच्या आधी तुम्हालाच माहीत असलेलं बरं.